कोणी न बोलावलेलं फंक्शन

आमच्या प्रज्वलला अडगळ बघवत नाही. वयानं माझ्या भाच्याएवढा, हुद्द्यानं माझा साहेब. आल्या आल्या त्यानं ऑफिसातल्या मोडक्या खुर्च्या भंगारात घातल्या, मग कपाटं, आणि उन्हाळा लागता लागता त्याची नजर माझ्या प्रोग्रामवर गेली. माझ्या म्हणजे माझ्या आणि जयाच्या. जया आता नाही. तिच्या म्हणण्यासारख्या माझ्याकडे दोनच गोष्टी उरल्या आहेत: तिनं कधी परत न नेलेला स्टीलचा डबा, आणि हा प्रोग्राम.

बुटीबोरीच्या एका कापड गिरणीसाठी आम्ही तो पायथनमध्ये लिहिला. कोणत्या मागावर कोणतं सूत, कोणत्या पाळीला कोण, हे तो मागाशेजारच्या छोट्या स्क्रीनवर दाखवतो. तेव्हा आमचं ऑफिस म्हणजे इतवारीत साडीच्या दुकानावरची एक खोली. कूलरमध्ये बादलीनं पाणी भरायला आम्ही पाळ्या लावल्या होत्या. जयाच्या पाळीला नेमका तिच्या आईचा फोन यायचा. मी भांडायचे आणि पाणी भरायचे. कूलरच्या ओल्या गवती ताट्यांचा तो वास आता कुठे येत नाही. आताच्या ऑफिसात एसी आहे आणि मी स्वेटर घालून बसते.

तर प्रोग्राम गिरणीच्या नव्या कॉम्प्युटरवर न्यायचा होता, आणि जे वापरात नाही ते न्यायचं नाही असा प्रज्वलचा हुकूम होता. त्यासाठी त्यानं एक साधन चालवलं. ते सगळा कोड वाचतं आणि कोण कोणाला बोलावतं त्याचं चित्र काढतं. प्रत्येक फंक्शनचा, म्हणजे एकेका कामाच्या तुकड्याचा, एक गोल. बोलावणाऱ्याकडून बोलावलेल्याकडे एक बाण. चित्र एवढं मोठं निघालं की कागद जोडजोडून भिंतीवर चिकटवावे लागले.

मी त्या चित्रासमोर उभी राहिले आणि कामाचं विसरूनच गेले. ताणा_जोड, कांडी_भर, धोटा_फेक. जया उमरेडच्या कोष्ट्याची लेक, घरात हातमाग. इंग्रजी नावं तिला अळणी लागायची, म्हणून आमच्याकडे फंक्शनचं बारसं मागावरच्या मराठीत व्हायचं. हे कांडी_भर लिहिताना ती पाटोडीचा रस्सा कीबोर्डवर सांडून बसली होती. त्या धोटा_फेकवरून आमचा आठवडाभर अबोला होता. सगळ्या गोलांना बाण होते. आम्ही दोघी भिंतभर एकमेकींना बोलावत होतो.

आणि अगदी कोपऱ्यात एक गोल एकटाच पडला होता. जेवाले_चाला.

मागांच्या खडखडाटात भोंगा कोणाला ऐकू जात नाही. उमरेडला जयाच्या घरी तेच. आई जेवायला हाका मारून थकायची आणि शेवटी दाराजवळचं बटण दाबून बल्ब दोनदा मिचकावायची, की माग थांबायचे. जयानं तेच गिरणीत आणलं. जेवणाच्या वेळेला सगळ्या स्क्रीन दोनदा मिचकायच्या आणि अक्षरं यायची: ‘चाला वं बाया हो, भाकर थंडी होऊन राहिली.’ बायांना ते इतकं आवडलं की मॅनेजरला आवडेना. ही गिरणी आहे, कोणाचं घर नाही, असं तो म्हणाला. जयानं माझ्यासमोर त्या फंक्शनला बोलावणारी ओळ खोडली. कोथिंबिरीच्या काडीवरून भाजीवाल्याशी भांडणारी बाई, हूं की चूं केलं नाही. मग फंक्शन तरी कशाला ठेवतेस, असं मी विचारलं.

‘‘राहू दे वं दामिनी,’’ ती म्हणाली, ‘‘ते खाते का काही आपलं?’’

तेव्हापासून ते राहिलं होतं. प्रज्वलनं त्या गोलावर बोट ठेवलं.

‘‘मॅडम, याले कोणीच बोलावून नाई राहिलं. मंग काहून ठेवाचं?’’

मी त्याला जयाबद्दल सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, पोरगा वाईट नाही. पण एकाच्या आठवणीसाठी एक ठेवलं तर उद्या दुसरा येईल, म्हणाला, आणि त्याचं खरंच होतं. तरी त्यानं शेवटचं विचारलं. कोडाबाहेरून याला कोणी बोलावत तर नसेल? तशी सोय होती. पाळीच्या वेळा बदलल्या की दर वेळी आम्हाला बुटीबोरीला पळावं लागू नये म्हणून जयानंच ती केली होती. गिरणीत एक तक्ता आहे. त्यात वेळ आणि तिच्यासमोर फंक्शनचं नाव लिहिलं, की प्रोग्राम त्या वेळेला ते चालवतो. नाव सापडलं नाही तर गुमान पुढे जातो. चित्र काढणाऱ्या साधनाला हा तक्ता दिसत नाही. पण त्यात ‘पाळी सुरू’ आणि ‘पाळी बंद’ ही दोनच नावं आहेत, असं मी छातीठोकपणे सांगितलं. ती आमचीच तर लिहिलेली होती.

मग मीच ते फंक्शन काढलं. दुसऱ्या कोणाच्या हातानं नको वाटलं. गोल गेला आणि मला फार एकटं वाटलं. घरी येऊन तिचा डबा घासून पालथा घातला, उगाचच.

दुसऱ्या दिवशी नवा कॉम्प्युटर सुरू झाला. जेवणाची वेळ होऊन गेल्यावर गिरणीतून सत्यवतीचा फोन आला. ही तिथली सुपरवायझर, पहिल्यापासूनची. मला वाटलं माग बंद पडले.

‘‘मॅडम, आज जयाताईनं आवाज नाई देल्ला,’’ ती म्हणाली. ‘‘बाया अजून मागावरच हायेत.’’

मला काही समजेना. मग तिनंच सांगितलं. स्क्रीनवरच्या त्या हाकेला सगळ्या बाया जयाताईच म्हणतात. नव्या पोरींनी तर जया पाहिलेलीसुद्धा नाही. पण मॅनेजरनं तर ते बंद करवलं होतं, मी म्हणाले. त्यावर ती हसली. ‘‘जयाताईनं त्या दिवशी जाता जाता मले तक्त्यात नाव लिहाले शिकवलं होतं. म्हणे, हा मॅनेजर बदलला की लिहून टाकजो वं. तो गेला, त्याच दिवशी लिहिलं म्या.’’

म्हणजे जया गप्प बसली नव्हती. मॅनेजरला फसवलं, वर मलाही. इतकी वर्षं रोज ती बायांना जेवायला बोलावत होती आणि मी तिला कोपऱ्यातली अडगळ समजून पुसून टाकलं.

‘‘तब्येत तं बरी हाये ना त्यायची?’’ सत्यवतीनं विचारलं.

जया गेली हे सांगायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. ‘‘आज जरा उशीर झाला तिला,’’ मी म्हणाले. ‘‘उद्या येईल.’’

फोन ठेवला आणि भर ऑफिसात रडले. प्रज्वल पाण्याची बाटली घेऊन आला. मी जमेल तसं सांगितलं. तो तसाच कॉम्प्युटरसमोर बसला आणि फंक्शन जसंच्या तसं परत घातलं, अक्षरसुद्धा न बदलता. मग साधन पुन्हा चालवलं. चित्र आलं, आणि कोपऱ्यात गोल पुन्हा एकटाच. प्रज्वलनं तो कागद भिंतीवर चिकटवला, मार्कर घेतला, कागदाच्या बाहेर भिंतीवर लिहिलं ‘बुटीबोरी’, आणि तिथून गोलापर्यंत हातानं बाण काढला. भिंत खराब झाली. त्याला अडगळ बघवत नाही, पण ते त्यानं तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी जयाच्या डब्यात भाकर घेऊन गेले. जेवणाची वेळ झाली तशी फोन समोर ठेवून बसले. गिरणीतून फोन आला नाही. म्हणजे बाया जेवायला गेल्या असणार. मग मीही डबा उघडला.