टेकडीची राखण

"शेळ्या राहतील नाहीतर झाडं राहतील. दोन्ही जमायचं नाही," सरपंच म्हणाले आणि सगळ्या सभेने माझ्या आत्याकडे पाहिलं.

आत्या ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी परतली होती. मूलबाळ नव्हतं. आमच्या मागच्या खोलीत ती आणि तिच्या शेळ्या राहत. बाकीच्यांनी आपापल्या शेळ्या दुष्काळात विकल्या होत्या. गावात उरल्या त्या एवढ्याच. टेकडीवर झाडं लावली तर पाणी मुरेल, गवत होईल, पोटासाठी गाव सोडावं लागणार नाही, म्हणून घरटी एक माणूस खड्डे खणत होता. आत्याही खणत होती. पण कोवळा शेंडा शेळीच्या तोंडातून सुटत नाही.

"घरात बांधून ठेव की," कोणीतरी सुचवलं.

"आणि खायला काय घालू? तुझे सल्ले?"

सभा खो खो हसली. तीही हसली. मग म्हणाली, "लावा झाडं. मी विकते शेळ्या."

घरी बाबा भडकले. "कोणी सांगितलं होतं पुढं पुढं करायला? शेळी जाते जिवानिशी, अन् खाणारा म्हणतो वातड! उद्या कोणी नावही काढणार नाही तुझं."

"न काढू देत. प्यायला पाणी नको का रे पोरांना?"

टेकडीची राखण गावाने तिच्याकडेच दिली. शेळ्यांच्या खोड्या तिच्याइतक्या कोणाला ठाऊक? झाडांत जनावर शिरलं की थेट कोंडवाड्यात, मालकाने येऊन सोडवायचं, असा नियम ठरला.

झाडं उभी राहिली. विहिरींचं पाणी उन्हाळाभर टिकू लागलं. बाहेर गेलेली माणसं परतली, घरोघरी गाई आल्या. आत्या दिवसभर टेकडीवर एकटी. संध्याकाळी आपल्या खोलीचं दार ती अगदी बेताने उघडायची, जणू अजून आत कोणी पायात येईल. ते दार उघडणं मला अजून दिसतं.

एका दुपारी शेजारच्या गावातलं करडू झाडांत शिरलं. मी तिला डबा द्यायला गेले होते.

"सोड गं आत्या, एवढंसं तर आहे."

"माझ्या शेळ्यांसाठी नव्हता कोणी नियम वाकवला," ती म्हणाली आणि करडू उचलून चालू लागली.

दिवस कलल्यावर मालक शोधत आला. मी त्याला कोंडवाड्याकडे नेलं. दार आतून ओढलेलं होतं. फटीतून पाहिलं, तर आत्या भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली, करडू तिच्या मांडीवर.

"चुकलं, मावशी," तो बाहेरूनच ओशाळून म्हणाला. "पुन्हा इकडं फिरकू नाही देणार."

त्याने दाराला हात लावला तेव्हा आत्या हळू आवाजात म्हणाली,

"आत्ताच डोळा लागलाय त्याचा. बस जरा."

तो बाहेरच्या दगडावर बसला.