न दुखणारी गाठ आणि मी

मी एक म्हातारी तांबडी रक्तपेशी आहे, मित्रांनो. अंगाला सुरकुत्या पडल्यात, अरुंद रक्तवाहिनीतून जाताना पूर्वीसारखं वाकवत नाही. प्राणवायू वाहून वाहून कंबरडं मोडलं असं म्हणाले असते, पण आम्हाला कंबर नसते. आहे तेवढा दम आहे, तोवर सांगून टाकते.

माझा जन्म बाईच्या छातीच्या हाडात झाला. बाई म्हणजे आमची मालकीण. ती आणि तिची धाकटी जाऊ एका खोलीत शेजारी शेजारी मशीन टाकून कोट शिवतात. हे मला कसं ठाऊक? फिरत फिरत कानापाशी गेलं की बाहेरचं बोलणं ऐकू येतंच. तरुणपणी माझा रुबाब काय सांगू! बाई भराभर जिना चढली की वाटायचं, हे सगळं माझ्याच जिवावर चाललंय.

एकदा मी तिच्या डाव्या स्तनात प्राणवायू पोचवायला गेले, तर तिथे ही गर्दी! गाठ झाली होती. चांगल्या पेशी शेजारणीला घट्ट धरून राहतात. इथल्या पेशींनी हात सोडून दिले होते आणि एकमेकींच्या डोक्यावर चढून वाढत सुटल्या होत्या. आम्ही नेऊ ते फस्त करायच्या. स्वतःपर्यंत रक्ताचे नवे रस्तेही ओढून घेतले होते, तेही गळके.

गाठ बाईच्या हाताला लागली होती. "दुखत तर नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "राहू दे. आधी कामाची घाई उरकू दे." आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

मग एक दिवस त्यातल्या काही पेशी अंग चोरून रक्तवाहिनीच्या भिंतीतून आत शिरल्या. प्रवाहात टिकणं सोपं नाही, मित्रांनो. बहुतेकींच्या चिंध्या झाल्या, काहींना पांढऱ्या पेशींनी गाठलं. मी सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात प्लेटलेटनी घोळ घातला. त्या बिचाऱ्या मनाने चांगल्या. कुठे जखम झाली की धावत जाऊन चिकटायचं, एवढंच त्यांना कळतं. गाठीतून आलेल्या एका पेशीलाही त्या जाऊन चिकटल्या. तिच्याभोवती असं पांघरूण झालं की पांढऱ्या पेशी शेजारून गेल्या तरी त्यांना पत्ता लागला नाही. मी कुणाला सांगणार? आम्हाला तोंड नाही.

हृदयातून आम्ही फुफ्फुसात आलो. तिथल्या बारीक वाहिनीत ती अडकली. मी पुन्हा त्या वाटेने आले तेव्हा ती भिंतीपलीकडे जाऊन बसली होती, अगदी गुपचूप. झोपली होती की दबा धरून होती, देव जाणे. मला मात्र तेव्हापासून चैन पडेना.

दुसऱ्यांचे कोट शिवता शिवता बाईचा स्वतःचा कोट विटला होता. जाऊ नवा शिवायला निघाली. टेप छातीभोवती आला आणि तिथेच थांबला.

"ताई, हे काय लागतंय?"

"काही नाही गं, गाठ आहे. दुखतबिखत नाही."

"कधीपासून?"

"असेल बरेच दिवस. तू माप घे."

"माप गेलं खड्ड्यात! उठा, आत्ता दवाखान्यात जायचं."

"अगं, उद्या कोट द्यायचेत."

"एक दिवस उशीर झाला म्हणून गिऱ्हाईक थंडीने मरत नाही. उठा म्हणते ना!"

बाई उठली. तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ काढली. फुफ्फुसं आज तरी स्वच्छ दिसतात. पण दिसणार नाही अशी एखादी पेशी रक्तातून निसटलेली असू शकते. म्हणून औषधही रक्तातूनच देऊ." कुणीतरी ओळखलं हो! मला रडू यायचं बाकी राहिलं.

औषध जहाल आहे. त्याच्या तडाख्यात हाडातली आमची कोवळी भावंडंही कोमेजली. नव्यांची वानवा, म्हणून आम्हा म्हाताऱ्यांवरच भार. बाईच्या पोटात अन्न ठरत नाही.

"थकले गं," ती म्हणते.

"थका खुशाल. मी आहे ना," जाऊ म्हणते, आणि तिचे पाय चेपत बसते.

औषधाबरोबर मीही त्या बारीक वाहिनीतून जाते. पलीकडची ती मेली की जिवंत आहे, मला सांगता येत नाही.

मित्रांनो, तुमची आई, मावशी, आत्या "दुखत नाही" म्हणाली तर तेवढ्यावर गप्प बसू नका. दुखण्याची वाट पाहू नका. हात धरा आणि डॉक्टरकडे न्या.

माझी वेळ भरत आली आहे. आता प्लीहेत मला मोडतील आणि माझ्यातलं लोह काढून नव्या पेशीला देतील. त्याचं मला दुःख नाही. फक्त ते लोह बाईच्याच अंगात अजून खूप वर्षं फिरत राहावं, एवढं मागते.