घट्ट दगड

ऑफिसातल्या आमच्या खोलीत दोनच माणसं, मी आणि मास्तर. मास्तर प्रयोगशाळेतले; समजावून सांगायची भारी खोड, म्हणून हे नाव. ते वाळूच्या दगडातून आवाज सोडून तो किती वेगाने पार होतो ते मोजायचे, आणि त्यावरून दगडात पोकळ्या किती असतील याचं गणित मी मांडायचे. पोकळ्या असतील तरच खनिज तेल साठतं, तरच दगड जिथला तिथे विहीर खणायची. आणि विहीर खणायची ठरली की मास्तर तिकडे जाणार. त्यांची बायको-मुलं तिकडच्याच गावात. इथे बिचारे एकटेच जेवतात. म्हणजे माझ्यासोबत.

माझं गणित म्हणत होतं, दगड कडक आहे, आवाज सुसाट जातो, म्हणजे पोकळ्या बुजलेल्या. साहेब म्हणाले, "मग गुंडाळा." मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. मला, खरं सांगते, बरं वाटलं. दिवसभरात माझ्याशी बोलणारं दुसरं आहे कोण?

पण मेलं ते कडकपण डोक्यातून जाईना. दुपारी मी दगडाची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि कपाळावर हात मारला. कण जिथे एकमेकांना टेकतात तिथेच फक्त चिकटले होते, डिंकाचा ठिपका लावावा तसे. मधल्या पोकळ्या उघड्याच. मी गणितात कण सुटे धरले होते. सुट्या वाळूला एवढा कडकपणा पोकळ्या बुजल्याशिवाय येत नाही, चिकटलेल्या वाळूला येतो. चूक सगळी माझी.

चकती गुपचूप कपाटात टाकावी असं मनात आलं. का नाही येणार? पण समोर मास्तर मान खाली घालून डबा उघडत होते, ते बघवेना.

"अहो, इकडे या," मी खेकसले. "चांगला आहे तुमचा दगड. जा एकदाचे."

नवं गणित पाहून साहेबांनी तिथल्या तिथे होकार दिला. मास्तरांनी लगेच बायकोला फोन लावला, "अगं, येतोय मी." मग डोळे पुसत मला म्हणाले, "मॅडम, तुम्हीपण घरी कळवा की."

घरी कोण आहे? मी बहिणीला फोन लावला. "बरं झालं गं, जरा गडबडीत आहे, मग बोलू," म्हणत तिने ठेवलासुद्धा.

मास्तर कौतुकाने बघत होते. मी बंद फोन तसाच कानाला धरला.

"हो गं, मलाही खूप आनंद झालाय," मी म्हणाले. "छे, एकटी कुठे? मास्तर आहेत की सोबत."