ओल्या शाईला हात लावू नका

मी कुंभकोणमचं फ्लेक्स छापायचं मशीन बोलतोय. जरा दमानं ऐका बाबांनो. चौदा वर्षं आडवं धावधावून माझे पट्टे सैल झालेत आणि आवाज तर कधीच बसलाय.

मेलकावेरीच्या रस्त्यावर हयग्रीवरावांचं दुकान आहे, तिथे मी. मालक घरच्यांशी तंजावरी मराठी बोलतात, गिऱ्हाइकाशी तमिळ, आणि माझ्या वाट्याला शिव्या. लग्नं छापली, बारशी छापली, नाचियार्कोविलच्या पितळी समयांच्या पाट्या छापल्या. पण सगळ्यात जास्त छापली ती गेलेली माणसं. इथे कुणी गेलं की तासाभरात त्याचा फोटो कोपऱ्यावर उभा राहायला हवा. त्या चौकटींना काळी शाई फार लागते, म्हणून माझं काळं तोंड सगळ्यांत आधी झिजलं. हसू नका, शाईचं तोंड म्हणतोय.

माणसांची एक खोड मात्र मला अजून कळलेली नाही. छापलेलं बाहेर आलं रे आलं की प्रत्येकाचं बोट त्यावर. हयग्रीवराव ओरडतात, "ओली शाई! हात लावूं नका!" तरी लावतातच.

हयग्रीवरावांचा हात मोठा साफ. कुणाचे देवीचे व्रण, कुणाचा पडलेला दात, संगणकावर बसून असं बेमालूम भरतात की गिऱ्हाईक खूश. गेल्या वर्षी त्यांची बायको महालक्ष्मी गेली, तेव्हा तिचा फलकही मीच छापला. तिच्या डाव्या गालावर तेलानं भाजल्याचा काळसर डाग होता. फलकावर तो नव्हता. मुलगी स्फूर्ती बेंगळूरहून धावत आली, फलकासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ही माझी आई नव्हे." त्यानंतर वर्षभर बापलेकीचं फोनवर बोलणं म्हणजे 'जेवलांत काय?' आणि 'जेवलों' एवढंच.

परवा ती आईच्या वर्षश्राद्धाला आली. ती ताऱ्यांचा अभ्यास करते. अवकाशातल्या दुर्बिणीनं काढलेलं एक चित्र तिनं बापाच्या हाती दिलं. इथल्या शाळेतल्या मुलींना दाखवायला मोठं छापून हवं होतं. आठ वर्षं ती ज्याच्यामागे आहे, तो तारा. सूर्याच्या तीसपट जड, स्वतःच्या अंगावरचे थर बाहेर फेकत सुटलेला, आणि भोवती त्याच वायूचा नि धुळीचा अवाढव्य तेजोमेघ. तोही थकलाय म्हणे, एक दिवस फुटणार आहे. ऐकून मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आपल्यासारखं कुणीतरी आहे.

वर्षात पहिल्यांदा लेकीनं काही मागितलं होतं. हयग्रीवरावांनी मला सकाळपासून पुसून पुसून हैराण केलं. हे काम बिघडलं तर ती पुन्हा यायची नाही, एवढं मलाही कळत होतं.

दुपारी ती आली. चित्र भिंतीवर लावलेलं होतं. तिनं ते वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अप्पा, मधला काळा ठिपका कोठें?"

"तो डाग होता की ग. भरून टाकिला. लोक म्हणतील, हयग्रीवाचें मशीन बिघडलें."

बिघडलंच होतं म्हणा. पण ते असो.

"डाग नव्हे, अप्पा. तेथेंच तारा आहे. त्याचें तेज दुर्बिणीस सोसलें नाहीं. तेवढ्या जागेची नोंदच झाली नाहीं, म्हणून काळें दिसतें. जें दिसलें नाहीं तें आम्ही मनानें भरत नाहीं." मग तिचा आवाज खाली आला. "आणि आईच्या गालावरचें तर तुम्हांस रोज दिसत होतें."

हयग्रीवराव स्टुलावर बसले. हातातलं फडकं उगाच पिळत राहिले.

"दिसत होतें म्हणूनच पुसलें," ते म्हणाले. "दीपावळीस मुरुक्कू तळतांना कढई मी उतरविली. तेल माझ्या हातून सांडलें, स्फूर्ती. तिनें जन्मभर सर्वांस सांगितलें, माझाच हात घसरला म्हणून. तुजही तेंच सांगितलें."

इतकी वर्षं मी त्या माणसाचा हात साफ म्हणून मिरवत होतो. स्फूर्तीनं दुसरं स्टूल ओढलं आणि बापाशेजारी बसली.

"आईचा मूळ फोटो आहे काय?"

"आहे. टाकला नाहीं."

आधी तारा पुन्हा छापला, काळ्या ठिपक्यासकट. मग महालक्ष्मी. पण गालापाशी आलो आणि माझं काळं तोंड अडलं. बापानं पुसलं, पुन्हा अडलं. मग लेकीनं पुसलं. मी स्वतःला म्हटलं, बाबा रे, आजचा दिवस रेट, नंतर मेलास तरी चालेल. आणि शाई सुटली.

शुक्रवारी भंगारवाला मला न्यायला येतोय. माझ्या जागी येणारं नवं मशीन चेहऱ्यांवरचे डाग आपणहून काढतं म्हणे. त्याला माझा एवढा निरोप सांगा, विचारल्याशिवाय पुसू नकोस. मला न्या खुशाल. खूप झालं आता, खरंच खूप झालं.

माझं शेवटचं काम तेवढं सांगायचं राहिलं. महालक्ष्मी बाहेर आली, गालावर डाग घेऊन, हसत. हयग्रीवरावांनी हात पुढे केला आणि सरळ तिच्या गालावर ठेवला.

"अप्पा, शाई ओली आहे," स्फूर्ती म्हणाली.

"असूं दे," ते म्हणाले, आणि त्यांनी हात काढला नाही.