दोन टाक्यांचा स्टँड

आत्मारामपंत फ्रँकफर्टला आले तेव्हा तिथे फुटबॉलचा वर्ल्ड कप रंगात आला होता आणि दिसेल त्या मोटारीवर झेंडा फडकत होता. पंतांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ते आले होते मुलाला, सुनेला आणि नातीला भेटायला. हे झालं व्हिसाच्या खिडकीवर सांगायचं कारण. खरं कारण त्यांनी चिंचवडपासून पोटात ठेवून आणलं होतं. देवदत्त परत कधी येतो, हे त्यांना एकदा त्याच्यासमोर बसून विचारायचं होतं.

देवदत्त त्यांचा एकुलता एक. सॉफ्टवेअर कंपनीत लागून जर्मनीला आला तो दोन वर्षांच्या बोलीवर. त्या दोन वर्षांची अकरा कधी झाली ते कुणालाच कळलं नाही. दर दिवाळीच्या फोनवर तो म्हणायचा, "बाबा, पुढच्या वर्षी नक्की." पंतांची बायको विभावरी त्यावर इतकी विश्वासून असायची, की फोन ठेवल्या ठेवल्या गाद्यांना ऊन दाखवायला काढायची. ती गेली, त्यालाही आता तीन वर्षं झाली होती. पंतांनी मात्र घरावर वरचा मजला चढवला, फरशी घातली, आणि हॉलच्या भिंतीला कडप्प्याचा एक भक्कम कट्टाही करून घेतला. गवंड्याने विचारलं, हा कशाला? पंत म्हणाले, माशांच्या टाकीला. मुलगा येणार आहे.

माशांचं वेड त्या घराला जुनं. देवदत्त दहा वर्षांचा असताना बापलेकांनी मिळून पहिली टाकी केली होती. लोखंडी अँगलची चौकट वेल्डिंगवाल्याकडून आणली, काचा कापून आणल्या, आणि पुट्टी मळायला पोळपाट घेतला म्हणून विभावरीने दोघांना फैलावर घेतलं. टाकी भरली आणि तासाभरात पाणी स्वयंपाकघरात. पंत खजील, देवदत्त रडकुंडीला. विभावरी मात्र पलंगावर पाय वर घेऊन बसली आणि पोट धरधरून हसली. पुढे त्याच टाकीत एंजल माशांच्या जोडीने पानावर अंडी घातली, तेव्हा सगळी कॉलनी चपला काढून रांगेत बघायला आली होती. विभावरीने प्रत्येकाला चहा केला होता. त्या दिवसाची आठवण पंतांना अजूनही गोड लागायची. आता चहा करणारी नाही म्हणून तर जास्तच.

आणि इथे, फ्रँकफर्टच्या तळमजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये, देवदत्तने दोन मोठाल्या टाक्या आणून ठेवल्या होत्या. एक वर बसवायची, पुरुषभर लांब; दुसरी तिच्या खाली, थोडी लहान.

"बाबा, तुमचे एंजल म्हणजे सिक्लिड कुळातलेच बरं का," तो उत्साहाने सांगत होता. "मी त्यांची आफ्रिकेतली भावंडं ठेवणार आहे. पिवळी, निळी, एकदम भांडकुदळ. आपल्या किटलीत पांढरा थर बसतो ना, ते क्षाराचं पाणीच त्यांना मानवतं. स्टँड आपण दोघं करू. तुम्ही येईपर्यंत थांबलो होतो मी."

एवढं ऐकल्यावर पंत परत जाण्याचा विषय कुठला काढतात! बाह्या सरसावून ते तयार झाले.

लाकूड खाली तळघरात ठेवलं होतं. ते आणायला पंत सुनेबरोबर, मालिनीबरोबर, केलरमध्ये उतरले आणि दारातच थबकले. भिंतभर खोकी रचलेली होती. टीव्हीचं, मिक्सरचं, व्हॅक्यूम क्लीनरचं, नातीच्या पाळण्याचंसुद्धा. आतल्या थर्मोकोलसकट.

"टाकू देत नाही तो," मालिनी म्हणाली. "परत जाताना पॅकिंगला लागतील म्हणतो. अहो बाबा, त्यातला निम्मा माल मोडून भंगारात गेलाय, पण खोकं आहे."

ती हसली, पण ते हसू काही पुरतं नव्हतं. पंतांच्या ते लक्षात आलं नाही. त्यांचा जीव सुपाएवढा झाला होता. पोरगा खोटं बोलत नाही, एवढंच त्यांना त्या खोक्यांत दिसलं.

अशी घरं तिथे पुष्कळ होती. सोफा घ्यायचा तो कंटेनरमध्ये मावेल असा, कपाट घ्यायचं ते सुटं होणारं, भिंतीला खिळा मारायचा तोही हळूच, उद्या काढायचाय म्हणून. देवदत्तने स्टँडचा आराखडाही त्याच हिशेबाने केला होता. जाड चौरस खांब, आडव्या तुळया, आणि प्रत्येक सांध्याला नटबोल्ट. चिकटवायचं काहीच नाही.

"चिकटवला असता तर दगडासारखा झाला असता," बोल्ट आवळता आवळता तो म्हणाला. "पण मग ह्या खोलीतून बाहेर निघाला नसता. त्या कॉरिडॉरच्या वळणावर अडकतो, मी मोजून पाहिलंय. आल्झो, म्हणजे बोल्टच बरे. जाताना सोडवला की झालं."

"अगदी बरोबर," पंत म्हणाले. मग धीर करून त्यांनी वरच्या मजल्याची आणि कडप्प्याच्या कट्ट्याची गोष्ट सांगून टाकली. देवदत्तचा हात पान्यावर थांबला. "हो का? छान केलंत," तो म्हणाला आणि पुढच्या बोल्टकडे वळला.

रविवारी टाक्या चढवल्या. शेजारच्या दोन जर्मन बाप्यांनी हात दिला आणि मालिनीच्या हातचे बटाटेवडे खाऊन ते नाक पुसत गेले. मासे यायला अवकाश होता. आधी पाणी भरून ठेवायचं, गळतंय का पाहायचं. संध्याकाळी दोन्ही टाक्या भरल्या, दिवे लागले आणि खोलीला निळसर उजेड आला. पंत खुर्ची ओढून समोर बसले. नुसतं पाणी बघत बसले. विभावरी हवी होती, असं त्यांनी दोनदा बोलून दाखवलं.

सोमवारी देवदत्त ऑफिसला गेला. पंत चहाचा कप घेऊन टाकीपाशी गेले आणि सहज कोपऱ्याच्या खांबाला हात टेकला. खांब हलला. किंचित, पण हलला, आणि वरच्या टाकीतलं पाणी कितीतरी वेळ ह्या काचेकडून त्या काचेकडे जात राहिलं. त्यांनी वाकून पाहिलं. सगळे खांब एका बाजूला कलले होते, हातातलं ओझं बदलताना माणूस कलतो तसे. बोल्ट घट्ट होते. भोकंच बोल्टपेक्षा जरा मोठी पडली होती.

पंतांना उपाय माहीत होता. तो देवदत्तच त्यांना सांगून बसला होता. म्हणून तर ते गप्प राहिले. हे सांगितलं की पोरगा स्टँड चिकटवणार, आणि चिकटवला की तो इथलाच होणार. एक दिवस थांबलं तर काय बिघडतंय? कदाचित लाकूड बसेल, कदाचित आपल्यालाच भास झाला असेल. दुपारी मालिनीने विचारलंसुद्धा, "बाबा, भाजी आवडली नाही का?" पंत म्हणाले, "झकास आहे." त्यांना भाजी कसली होती तेही सांगता आलं नसतं.

ऊर्जा शाळेतून आली. आठ वर्षांची नात. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. दप्तर टाकून ती खालच्या टाकीसमोर पालथी पडली आणि रंगीत पेन्सिलींनी चित्र काढायला लागली. अजून न आलेले मासे ती एकेक करून टाकीत सोडत होती. तिच्या डोक्यावर, वरच्या टाकीत, खोलीतल्या सगळ्या माणसांहून जड पाणी उभं होतं.

सांधा कटकन वाजला.

पंतांनी हातातला दुपारच्या चहाचा कप ठेवला की टाकला, ते त्यांना नंतर आठवलं नाही. त्यांनी पोरीला दंडाला धरून खेचलं ते थेट दारापर्यंत. "वास इस्ट लोस, आजोबा?" ती घाबरून ओरडली. काय झालं, एवढंच ती विचारत होती, पण पंतांना ते कळलं नाही. स्वतःची त्यांना इतकी चीड आली, की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मग त्यांनी नळी घेतली, तोंडाने पाणी ओढलं, पहिला घोट घशात गेला, आणि दुसरं टोक खिडकीतून बागेत सोडलं. मालिनीने मदत केली. दोघांनी मिळून टाक्या रिकाम्या केल्या.

संध्याकाळी देवदत्त आला तो बघतच राहिला. पंतांनी खांब हलवून दाखवला.

"अजून आवळतो मी," तो घाईने म्हणाला.

"आवळून होणार नाही."

"मग तिरक्या पट्ट्या मारू."

"त्याही बोल्टनेच ना?"

देवदत्तने खांब स्वतः हलवून पाहिला.

"चिकटव," पंत म्हणाले. "सांधे चिकटव, आणि मागे अख्खी प्लायची पाठ लाव. तीही चिकटवून."

"बाबा, मग तो इथून कधीच..."

"बोल्ट आवळतानाच सांगितलंस तू ते मला. खाली पोर लोळते माझी."

शनिवारी टाक्या उतरवून त्यांनी स्टँड सगळा सोडला. देवदत्तने बाटली आणली. तो तिला होल्त्सलाइम म्हणत होता, पंत तिला फेविकॉलच म्हणत होते. देवदत्त बाटली हातात घेऊन नुसताच उभा राहिला, तेव्हा पंतांनी ती काढून घेतली, टोपण उघडलं आणि पहिल्या सांध्यावर स्वतः धार धरली. धार सरळ पडली. मग एकेक सांधा भरत गेले.

शेवटची राहिली पाठ. प्लाय बसवली आणि ध्यानात आलं, की दाबून धरायचे क्लॅम्प सगळे सांध्यांना लागलेत, पाठीला एकही उरला नाही. तेव्हा देवदत्त मागून पाठ दाबून आणि पंत पुढून चौकटीचे खांब मागे रेटून उभे राहिले. फेविकॉल धरेपर्यंत सोडता येत नव्हतं. बापलेक समोरासमोर, आणि मध्ये ती प्लाय. एकमेकांची तोंडंसुद्धा दिसत नव्हती.

त्यामुळेच असेल, पलीकडून देवदत्तचा आवाज आला.

"बाबा, आम्ही नाही येणार परत. मालिनीला चार वर्षांपूर्वीच सांगितलं मी. आई होती तोवर तिला सांगायचं धाडस झालं नाही, आणि ती गेल्यावर तुम्हाला."

पंतांना वाटलं होतं, हे ऐकलं की आपण खाली बसू. खाली बसता येत नव्हतं, हात गुंतले होते. डोळे भरून आले तेही पुसता येईनात, पाणी सरळ मिशांवर उतरलं. त्यांना फार वाईट वाटलं. वरच्या मजल्यावरची कोरी फरशी डोळ्यांसमोर आली, आणि विभावरीचं गाद्या काढणं आलं. मग प्लायच्या मागे मुसमुसल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, आणि तळहाताखाली लाकूड हलकेच थरथरलं. पाणी स्वयंपाकघरात गेलं तेव्हा दहा वर्षांचा देवदत्त असाच रडला होता, दातांवर दात धरून.

"देवा," पंत म्हणाले, "रड खुशाल. पण दाब कमी करू नकोस. अजून ओलं आहे."

पलीकडून दाब वाढला. पंतांनीही आपला वाढवला. मालिनी दारात येऊन गेली. बाहेर कुठेतरी गोल झाला असावा, सगळ्या गल्लीतून भोंगे वाजले, मग शांत झाले. बाटलीवर लिहिलेला वेळ केव्हाच होऊन गेला होता, आणि ते दोघांनाही माहीत होतं. तरी कुणीच आधी हात काढला नाही.