सत्तेचाळीस नंबरची दांडी

१० सीसी

मित्रांनो, मी दहा सीसीची, काचेची, आता जुनी झालेली सिरिंज. माझ्या नळीवर ४७ हा आकडा कोरलेला आहे. नळीत आत-बाहेर सरकणाऱ्या माझ्या दांडीवरही ४७च. कारखान्यात आम्हाला एकमेकींवर घासून बसवले. दुसऱ्या कुणाची दांडी माझ्यात शिरते, पण नीट बसत नाही. एवढे लक्षात ठेवा.

८ सीसी

सत्तरच्या दशकात मी धारच्या एका दवाखान्यात होते. नालछा, मनावर अशा गावांहून आलेली मुले मला पाहूनच भोकाड पसरत. रोज उकळत्या पाण्यात आंघोळ. नंतर परिचारिका विद्युल्लताताई आम्हाला जोडत. आधी प्रत्येकीचा नंबर चष्म्याजवळ नेऊन वाचत. काही वर्षांनी वाचेनाशा झाल्या. "नंबर काय बघायचा? हाताला कळतं," म्हणत.

त्या देवासला नोकरीला आल्या, तेव्हा मीही आले.

६ सीसी

साल १९८५. इथे डॉक्टर श्रीपाद यांनी एक वापरलेले यंत्र आणले होते. ध्वनिलहरींनी ते हृदयाचे चित्र काढी. त्यात रक्त काळे दिसे. मग माझे काम. मी आणि दुसरी एक सिरिंज मिठाचे पाणी आणि चिमूटभर हवा एकमेकींकडे जोरात ढकलायचो. दहा वेळा. पाण्यात बारीक बुडबुडे होत. ते दंडातून सोडले की हृदयाचा उजवा भाग पांढरा चमके. पुढे फुप्फुसात ते विरून जात. डावीकडे दिसले, तर मधल्या भिंतीला भोक आहे असे समजायचे.

"हृदयाच्या स्नायूत रक्त किती पोचतं, तेही एक दिवस बुडबुडेच दाखवतील," डॉक्टर म्हणत. "फक्त ते फुप्फुस ओलांडणारे पाहिजेत."

माझ्याकडे तसले नव्हते. होते ते मी नेटाने करीत होते.

५ सीसी

एकदा अलका आली. अठरा वर्षांची. देवीच्या टेकरीच्या निम्म्या पायऱ्या चढली की खाली बसे. वडील रत्नाकरराव कारखान्यात फिटर. आधीच्या डॉक्टरांनी मनाचा वहम आहे म्हणून परत पाठवले होते.

"डॉक्टरसाहेब, भोक असेल तर उद्या मुंबईला नेतो. नसेल तर हिला सांगा, नाटक बंद कर."

"दादा, नाटकच करायचं तर वर जाऊन प्रसाद खाऊन केलं असतं ना," अलका वडिलांना म्हणाली.

३ सीसी

बुडबुडे सोडले. उजवीकडे पुसट धूर दिसला. डावीकडे काळे.

"भोक दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. सुई काढली.

"चला, पक्कं झालं." रत्नाकररावांनी हात जोडले. अलका चपला शोधू लागली.

आणि मी? माझ्या पोटात सेहेचाळीसची दांडी होती.

पाणी मागून झिरपले होते. विद्युल्लताताईंची बोटे ओली होती. त्या बोटांकडे पाहत राहिल्या. मग कितीतरी वर्षांनी त्यांनी मला चष्म्याजवळ नेले.

"डॉक्टर, थांबा. दांडी हिची नाही."

"ताई, तुमचा हात चुकला?"

"हात नाही. मी बघितलंच नाही."

"अहो, आता नाही म्हणाले ना साहेब?" रत्नाकरराव कुरकुरले.

"दिसत नाही म्हणाले. ते माझ्यामुळे." ताई अलकाकडे वळल्या. "पोरी, आणखी एकदा टोचू?"

अलकाने दुसरा हात पुढे केला.

१ सीसी

पुन्हा उकळणे. पुन्हा जोडणे. "नळी सत्तेचाळीस. दांडी सत्तेचाळीस." या वेळी ताईंनी मोठ्याने वाचले.

दहा वेळा. मी एक थेंब गळू दिला नाही.

उजवीकडे पांढरे भरून आले.

"आता जोरात खोक, उजवीकडचा दाब वाढू दे," डॉक्टर म्हणाले.

अलका खोकली. पाच-सहा ठिपके भिंत ओलांडून डावीकडे गेले.

रत्नाकररावांनी लेकीच्या चपला उचलून तिच्या पायांशी ठेवल्या.

"मुंबईला चिठ्ठी देतो," डॉक्टर म्हणाले.

० सीसी

पुढे प्लास्टिकच्या सिरिंजा आल्या. एकदा वापरायच्या आणि टाकायच्या. मी कापसात गुंडाळून खणात गेले.

मुंबईच्या ऑपरेशननंतर वर्षभराने अलका दवाखान्यात आली. धापा टाकत. हातात टेकरीवरचा प्रसाद.

"ताई, एकदाही बसले नाही."

ताईंनी प्रसाद घेतला आणि खण उघडून मला दाखवले. अलकाने माझा नंबर वाचला. मग दांडी ओढून तिच्यावरचाही.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असे मी सांगणार नाही. मी रिकामी झाले आहे. पण कुणाला 'काही नाही' म्हणून घरी पाठवण्याआधी, हातातल्या वस्तूचा नंबर एकदा वाचा. मोठ्याने.