मोरी अडली, गाडी अडली

“पेटीचं कुलूप काढ! पोत्यांची तोंडं सोड! अन् तुझ्या करदोट्याची गाठ काय तशीच ठेवणार हायेस?”

साळूबाई गोठ्याच्या दारातून लेकावर ओरडत होती. यादव गुडघ्यावर बसलेला, हात कोपरापर्यंत चिकट. समोर मोरी म्हैस आडवी. पारडाचा एकच पाय बाहेर आलेला, दुसरा आतच मुडपून बसलेला. अशा वेळी, बाई असो की जनावर, घरातली एकूण एक गाठ सोडायची, ही साळूबाईची रीत. बाहेरच्या गाठी सुटल्या की पोटातली सुटते.

“आई, गाठींचं राहू दे. सविता, तू नीघ!”

सविता निघालीच होती. रंगनाथ डॉक्टर नदीपलीकडं सायखेड्यात. त्यांची मोटारसायकल गॅरेजात पडलेली. वस्तीवरची माणसं पहाटेच लग्नाला गेलेली, गाड्या त्यांच्याबरोबर. उरली होती ती सविताची बॅटरीवरची गाडी. तिच्यावर ती रोज डेअरीला दूध घालायची.

हातात लोकरीचे जाड मोजे घालून तिनं हँडल धरलं. तेवढ्यात सासू हळकुंड बांधलेला दोरा घेऊन आली. डाव्या मुठीला तिनं दोऱ्याचे वेढे दिले, ब्रेकच्या दांडीसकट, आणि गाठ मारली. वर हळदीचं पाणी शिंपडलं.

“आत्या, उशीर होतोय.”

“वाटंत काय आडवं यायला नको. मोरी सुटली की मीच सोडीन हा दोरा. तवर हात लावायचा नाय.”

“समद्या गाठी सोडताय अन् ही मारताय?”

“ही वाटंची हाय. शहाणपणा नको.”

मोरीनं हंबरायचा प्रयत्न केला. आवाज निघाला नाही. मोरी लहान वगार असतानाच सविता तिला माहेराहून सोबत घेऊन आली होती. नव्या घरात पहिला महिना ती बोलली असेल तर मोरीशीच.

गाडी सुटली.

धुकं. कांद्याच्या लागवडीची ओली वावरं. नाकाचा शेंडा बधिर. पूल उतरून सायखेड्यात शिरता शिरता गाडीनं एक हिसका दिला. मग दुसरा. सविता मनाशी म्हणाली, थंडी आहे, गाडीलाही वाजत असेल.

डॉक्टर चहा अर्धा टाकून मागं बसले. माणूस अंगानं भरलेला, मांडीवर भलीमोठी बॅग. गाडी चालली, चालली, चा—

थांबली.

पुन्हा चालली. पुन्हा—

“सविताताई, चार्जिंग केलंय ना?”

“भरलेली हाय ओ. हे बघा ना, दिसतंय की.”

“मग?”

मग काय ते सविताला तरी कुठं ठाऊक होतं. तिनं एकलहऱ्याला भावाला फोन लावला. अमित तिथं वीज केंद्रात कामाला, गाडी त्यानंच बघून दिलेली. फोन तिनं स्कार्फात कानाशी खोचला.

“ताई, मोड कुठला हाय? कमी ताकदीवर असंल.”

“जास्तीवर टाकला. तेच.”

“टायरात हवा?”

“कालच भरली.”

“साइड स्टँड नीट वर गेलाय का? बंद करून परत चालू कर.”

केली. गाडी दहा पावलं गेली आणि—

“थंडीनं बॅटरी ताकद देत नसंल मग. कंट्रोलर तपासाय पायजे. शोरूमला ने.”

“शोरूमला? अरे, इथं माझी म्हैस मरतीय!”

तिनं फोन तोडला, तर लगेच यादवचा आला.

“कुठवर आलात?”

“पुलाजवळ. गाडी ओढत नाय ओ.”

“कळा थांबल्यात. मान टाकलीय तिनं.”

फोनात मागून साळूबाई: “तिला म्हणावं वेणी सोड! वेणी!”

सवितानं एका हातानं स्कार्फाखाली बोटं घातली आणि वेणी सोडली. लाज वाटायलाही वेळ नव्हता. डॉक्टर मागून बघत राहिले.

पुलाचा चढ आला.

सपाटीला निदान रांगत होती. चढाला लागल्यावर गाडी जागच्या जागी हुंकारली आणि मागं घसरू लागली. डॉक्टर उतरले. सविताही उतरली. ती हँडल धरून, डॉक्टर मागून रेटत.

“डॉक्टर, तुम्ही पळत गेलात तर?”

“या देहानं? मोरीच्या आधी मलाच इंजेक्शन लागेल, ताई.”

हसायचं होतं. हसू आलं नाही. धुक्यात नदीचा नुसता आवाज. पुलापलीकडं वस्ती दिसतही नव्हती.

गवताचा भारा डोक्यावर घेऊन कमळाबाई मागून आली. वस्तीवरचीच, गुरांपायी लग्नाला न गेलेली. चालत आली आणि गाडीला मागं टाकून पुढं गेली. चार पावलांवर थांबून भाऱ्यासकट वळली.

“का गं, ब्रेक दाबून चढ चढतात व्हय? मी खालपास्नं बघतीय, मागला लाल दिवा पेटलेलाच हाय तुझा.”

“मी कुठं दाबलाय, मावशी?”

“मग दिवा काय मी पेटवला?”

सवितानं गाडी कमरेला टेकवून दोन्ही हात वर उचलले. “डॉक्टर, बघा. आता?”

“पेटलेलाच आहे.”

तिनं दातांनी मोजा ओढून काढला आणि डाव्या मुठीला हात लावला. दोरा. हळदीच्या पाण्यानं, धुक्यानं भिजून आवळलेला, तारेसारखा ताठ. ब्रेकची दांडी त्यानं नखभर आत ओढून धरली होती. चाकाला कळणार नाही एवढीच. पण गाडीला वाटत होतं, बाई ब्रेक दाबतीय. ब्रेक दाबला की ही गाडी मोटार बंद करते, हे अमितनं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. सविता सकाळपासून गाडीला पुढं जा म्हणत होती आणि आत्याची गाठ थांब म्हणत होती.

डॉक्टरांनी बॅगेतून कात्री काढली.

“कापू नका.”

“आता कसला विचार करताय?”

मोरी सुटली की मीच सोडीन. हात लावायचा नाय. कानात साळूबाई, कानात यादव: “सविता? सविता, आयकतीस ना? ती डोळं मिटाया लागली गं.”

सविता वाकली. गाठ दातांत धरली. हळद कडू लागली. एक पीळ सैल झाला. दुसरा. दांडी टक् करून बाहेर आली.

“इझला गं!” कमळाबाई ओरडली. “इझला लाल दिवा!”

“बसा, डॉक्टर!”

गाडीनं चढ खाल्ला. पूल गेला. वावरं गेली. सविताचे मोकळे केस डॉक्टरांच्या तोंडावर येत होते आणि डॉक्टर एका हातानं बॅग, एका हातानं केस सांभाळत होते.

गोठ्यात पुढं सगळं भराभर झालं. डॉक्टरांनी हात आत घातला, डोळे मिटले, पारडाला मागं ढकललं, मुडपलेला पाय चाचपून सरळ केला. “आता ओढ, यादव. जोर लावू नको, तिच्या कळेबरोबर.” सविता मोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मोरीनं एकदा डोळा उघडला, तिच्याकडं बघितलं आणि कुथली.

पारडू बाहेर आलं. हललं नाही. डॉक्टरांनी नाकातोंडातला चिकटा काढला, काडीनं नाक डिवचलं. सगळे त्या नाकाकडं बघत.

शिंकलं.

“वगार हाय,” यादव म्हणाला आणि शेणातच बसला.

साळूबाई दिलेला शब्द पाळायला लगबगीनं गाडीकडं गेली. तिथूनच तिचा आवाज आला.

“सविते! दोरा कुठंय?”

सवितानं तो स्कार्फाच्या टोकाला बांधला होता. तिनं तो काढून परत आलेल्या साळूबाईच्या हातावर ठेवला.

“सोडला मी, आत्या.”

“कवा?”

“पुलाच्या चढावर.”

सविता ब्रेकचं सांगणार होती. दांडीचं, दिव्याचं, बंद पडणाऱ्या मोटारीचं. साळूबाईनं दोऱ्याकडं बघितलं, मोरीकडं बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला.

“घरातल्या समद्या सोडल्या,” ती हळू आवाजात म्हणाली. “माझ्याच हातची तेवढी ऱ्हायली व्हती बघ. म्हणून अडली. तू सोडलीस अन् सुटली.”

सविताच्या जिभेवर हळद अजून कडू होती. तिनं ती ब्रेकच्या गोष्टीसकट गिळली.

मोरी चाटत होती. वगार चार पाय चार दिशांना टाकत उठायला बघत होती. साळूबाईनं दोऱ्यातलं हळकुंड पुसलं आणि वगारीच्या गळ्याशी नेलं.

“आत्या,” सविता म्हणाली, “सैल बांधा.”